खिसे जुळले की माणूस दिसतो

माझ्या हातचा सगळ्यात सुबक शर्ट आमच्या पलटणीने एका बाभळीवर टांगला होता. नवे जवान आले की त्यांना शंभर पावलांवर उभं करून तो शर्ट दाखवायचे आणि सांगायचे, असं काही अंगात घालाल तर फुकट मराल. मी तेव्हा कपड्यांचं बोचकं घेऊन शेजारून जात असायचो. शिवणाऱ्याचं नाव ते सांगत नसत, एवढीच काय ती मेहेरबानी.

मी सैन्यात शिंपी होतो. हे सांगितलं की लोक जरा गोंधळतात. 'सैन्यात होतो' म्हटल्यावर खुर्ची पुढे करतात, आणि 'शिंपी होतो' म्हटल्यावर चहा सांगावा की नाही याचा विचार करतात. पण प्रत्येक पलटणीला शिंपी लागतो, न्हावी लागतो, धोबी आणि आचारी लागतो. आम्हीही भरतीला धावलेलो असतो, बंदूक चालवायला शिकलेलो असतो, आणि पलटण वाळवंटात गेली तर मशीन घेऊन वाळवंटात जातो. माझ्या मशीनच्या तेलात राजस्थानची वाळू आणि आसामचं पाणी दोन्ही जाऊन आलं आहे.

मूळचं आमचं दुकान जुन्या जालन्यात, कापडवाल्यांच्या गल्लीत. वडिलांचं नाव होतं ते चौकड्याच्या शर्टासाठी. चौकड्याचा शर्ट शिवणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगतो. खिसा असा कापायचा की त्याच्या रेघा शर्टाच्या रेघांत बरोबर मिसळल्या पाहिजेत. खिसा आहे हे हात घातल्याशिवाय कळता कामा नये. आणि डाव्या बाजूला जी रेघ छातीवर जिथे, तीच उजव्या बाजूला तिथेच. यात कापड वाया जातं, वेळ जातो, आणि गिऱ्हाइकाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. वडील मात्र शिवलेला शर्ट खुंटीला लावून रस्त्याच्या पलीकडे जायचे आणि तिथून बघायचे. दोन्ही बाजू जुळल्या नसतील तर परत येऊन काही न बोलता उसवायला घ्यायचे. माझा हात त्या धाकात तयार झाला.

मी पलटणीत गेलो तेव्हा गणवेश साधा हिरवा होता. एकरंगी कापड, त्यात जुळवण्यासारखं काही नाही. माझी सगळी हौस कांजीवर आणि इस्त्रीवर भागायची. मी कडक केलेला शर्ट जमिनीवर ठेवला तर उभा राहायचा. मग ठिपक्या-डागांचं कापड आलं. हिरवा, तपकिरी, काळा, असे वेडेवाकडे डाग एकमेकांत शिरलेले. आम्ही त्याला नुसतं 'कॉम्बॅट' म्हणायचो. ते पहिल्यांदा टेबलावर पसरलं तेव्हा माझा जीव सुखावला. म्हटलं, आला एकदाचा चौकडा.

आता कडुबा. हा पिंपळगाव रेणुकाईचा, भोकरदन तालुक्यातला, माझ्याच वयाचा. पलटणीत आम्ही दोघेच जालन्याकडचे, त्यामुळे आमची गट्टी जमायला दुसरं कारण लागलं नाही. लहानपणी हरणं पिकात शिरू नयेत म्हणून त्याला बांधावर बसवायचे. तो तासन् तास असा बसायचा की चिमण्या त्याच्या पायावरून जायच्या. असल्या माणसाने स्नायपर व्हावं हे ओघानेच आलं. स्नायपर म्हणजे लपून राहून फार लांबून नेम धरणारा. त्या शिक्षणासाठी पलटणीतून दोघांनाच पाठवायचे आणि त्याआधी निवडीची परीक्षा असायची. कडुबाचा नेम चांगलाच होता. प्रश्न लपण्याचा होता. पहिल्या फेरीत अंगाला पानं, फांद्या काही लावायच्या नसत. अंगावरचे कपडे आणि निवडलेली जागा, एवढ्यावर भागवायचं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी तो कापड घेऊन माझ्याकडे आला.

"मास्तर, अस्सा शिव की उस्ताद बघतच राह्यला पाह्यजे."

मी शिवला. माझ्या आयुष्यात तेवढ्या प्रेमाने मी काही शिवलं नसेल, स्वतःच्या लग्नाचं जाकीट धरून. नक्षी कुठे परत येते ते आधी शोधलं. कापडाच्या एका बाजूला एक सुरेख काळा डाग होता, लिंबाएवढा गोल आणि भोवती तपकिरी कड असलेला. तो डाव्या खिशावर घेतला. तोच डाग पुढे जिथे पुन्हा छापलेला होता तो उजव्या खिशावर घेतला. उंची तीच. बटणपट्टीवर दोन्हीकडचे डाग असे मिळवले की पट्टी दिसेना. शर्ट खुंटीला लावून मी लांब गेलो आणि वडिलांसारखा बघत उभा राहिलो. वडील तिथे असते तर त्यांनीही तो उसवायला घेतला नसता, हे मला माहीत होतं. वर कांजी घालून इस्त्री केली.

परीक्षेच्या दिवशी मीही उतारावर गेलो होतो. गवत, बाभळी, घाणेरीची झुडपं. आठ जण लपले. परीक्षा घेणारा गढवाली उस्ताद दुर्बीण घेऊन खाली बसला. त्याने दुर्बीण डोळ्याला लावली, एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली आणि थांबवली.

"उस झाड़ी के नीचे दो आँखें किसकी हैं?"

झुडपाखाली बसलेला कडुबा उठला. मिनिटभरही झालं नव्हतं. बाकीच्यांतला एक जण अर्ध्या तासाने सापडला, एक तर शेवटपर्यंत सापडला नाही.

उस्तादाने कडुबाचा शर्ट काढून घेतला, बाभळीला अडकवला आणि सगळ्यांना शंभर पावलं मागे नेलं. मीही गेलो. मला जे दिसलं ते अजून दिसतं. झाड दिसत होतं, गवत दिसत होतं, आणि मधोमध दोन काळे डोळे, सारख्या उंचीवर, सारख्या मापाचे. इस्त्रीच्या घडीवर ऊन चकाकत होतं ते वेगळंच. आंधळ्यालाही दिसला असता.

कडुबा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "मी तुला लढाईचा शर्ट सांगितल्ता. तू लग्नाचा शिवला."

त्याला वयाच्या अटीत बसणारी अजून एकच संधी होती, पुढच्या वर्षीची. मला त्या वर्षभरात जेवण गोड लागलं नाही. एखाद्याचं पोशाखामुळे हसं झालं तर शिंपी माफी मागून मोकळा होतो. इथे माझ्या मित्राच्या सगळ्या नोकरीचा प्रश्न होता, आणि चूक आळसाने नव्हे तर कौशल्याने झाली होती. आळसाची चूक सुधारता येते. कौशल्याची कशी सुधारायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

शेवटी मी उस्तादाकडेच गेलो. तो हसला नाही. त्याने मला दुर्बीण दिली आणि सकाळभर शेजारी बसवून लपलेली माणसं शोधायला लावली. मधूनमधून विचारायचा, हा कशामुळे दिसला? मी सांगायचो, खांद्याची रेघ सरळ दिसली. हा कशामुळे? बूट चमकला. हा? बाह्या दोन्ही सारख्या दुमडल्या आहेत. दुपार होईतो माझं मलाच कळलं. रानात कुठेही एक डाग दुसऱ्यासारखा नसतो, जोडीने तर नसतोच. सरळ रेघ नसते. जोडी आणि रेघ दिसली की डोळा म्हणतो, इथे माणूस आहे. म्हणजे वडिलांनी मला जे जे शिकवलं, ते सगळं माणूस दाखवण्यासाठी होतं. लग्नात, बाजारात, कचेरीत माणूस उठून दिसावा म्हणून. आणि इथे नेमकं त्याच्या उलट हवं होतं.

दुसरा शर्ट शिवताना माझा हात वळत नव्हता. डावा खिसा कापडाच्या एका टोकाकडून घेतला, उजवा दुसऱ्या टोकाकडून, तोही आडवा फिरवून. बटणपट्टीवर डाग मुद्दाम तोडले. दर वेळी कात्री जुळवण्याकडेच जायची आणि मी ती ओढून आणायचो. पाणी मारून पाच-सहा वेळा धुतला, कांजी नाही, इस्त्री नाही. त्याच सुमारास मला रजा मिळाली. वडिलांचं मत घ्यावं म्हणून शर्ट जालन्याला घेऊन गेलो.

वडिलांनी तो खुंटीला लावला आणि रस्त्याच्या पलीकडे गेले. बराच वेळ तिथूनच बघत होते. परत आले तेव्हा चेहरा पडला होता.

"हे कुणी शिवलं रे?"

"मीच."

"तब्येत बराबर न्हाई का तुझी?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रात्री जेवताना आईला म्हणाले, पोराला लांब ठेवलं की असं होतं. सकाळी मी निघताना मात्र त्यांनी शर्ट हातात घेतला, बगलेतली शिवण ओढून पाहिली आणि म्हणाले, "टाके पक्के हाईत. बाकी तुझ्या उस्तादाला ठाऊक." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या परीक्षेत उस्ताद तास संपल्यावर दुर्बीण ठेवून उतारावर चालत गेला. चौथ्या झुडपापाशी थांबून इकडेतिकडे बघत होता. कडुबा त्याच्या बुटापासून दोन हातांवर पडलेला होता. कडुबा निवडला गेला, शिकून आला, आणि पुढे स्वतः उस्ताद झाला. बाभळीवरचा तो पहिला शर्ट पुढे काही वर्षांनी नाहीसा झाला. वाऱ्याने नेला असेल म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी शेकडो कॉम्बॅट शिवले, आणि एकाही शर्टाचे दोन खिसे मी जुळू दिले नाहीत. मधे एकदा वेगवेगळ्या नक्षीचे नमुन्याचे कपडे पलटणीत आले होते. जवानांनी ते काही महिने वापरायचे, धुवायचे, आणि मत लिहून द्यायचं. माझ्याकडे ते उसवलेल्या अवस्थेत यायचे, त्यामुळे माझं मत सगळ्यांत खरं. मी लिहून दिलं की बसताना पँट दोन पायांच्या जोडावर फाटते, तिथे दुहेरी कापड हवं. उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं.

निवृत्तीनंतर वडिलांचंच दुकान पुढे चालवायला घेतलं. रजेवर आलेले जवान मंठ्याहून, भोकरदनहून, परतूरहून यायचे. कुणाची कंबर वाढलेली, कुणाला बाही आखूड. माझ्याशिवाय दुसऱ्या शिंप्याकडे कॉम्बॅट देऊ नका, असं जवान एकमेकांना सांगायचे. मला त्याचा गर्व होता, तो लपवून काय उपयोग.

आणि मग सैन्याचा गणवेशच बदलला. मोठे डाग गेले, बारीक बारीक चौकोनी ठिपके आले. शर्ट पँटबाहेर सोडायचा. कंबरेला आत इलॅस्टिक, म्हणजे कंबर कमीजास्त करण्याचं माझं कामही गेलं. शिवाय ती नक्षी राखीव. बाजारात कुणी ते कापड विकायचं नाही, शिवायचं नाही, सगळं तयारच मिळणार. एका एजंटाने हुबेहूब दिसणारं कापड आणून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी त्याला ते उचलायला लावलं, कारण असले कपडे भलत्याच माणसाच्या अंगात गेले तर काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

नियम मी पाळला, पण जीभ काही आवरली नाही. दुकानात जो येईल त्याला म्हणायचो, हा कसला गणवेश, ठिपक्यांची रांगोळी आहे नुसती, यात माणूस लपेल का? लोक हसायचे. जुन्या माणसाला बोलू द्यायची पद्धत आहे आपल्याकडे. हे बोलणं कुणाच्या कानावर जातंय याचा मी विचार केला नाही.

गेल्या हिवाळ्यात कडुबा दुकानात आला. केस पिकलेले, पण बसणं तसंच, दगडासारखं. त्याची मुलगी आरती सैन्य पोलिसात लागली आहे, हे मला माहीत होतं. तिला पाळण्यात असल्यापासून मी पाहिलेली. आता तिची बदली सीमेकडे झाली होती.

"मास्तर, तू म्हण्ला म्हणं, नव्या वर्दीत माणूस लपत न्हाई."

"अरे, बोलतो मी काहीबाही."

"काहीबाही कसं? कपड्यातलं तुला कळतं. माझी पोरगी जाऊन राह्यली ना त्याच्यात. आठ दिवस झाले, मला झोप न्हाई."

एकदा माझ्या शर्टाने या माणसाचं वर्ष घालवलं होतं. आता माझ्या जिभेने त्याची झोप घालवली होती. मी म्हटलं, "मी येतो, बघतो, आणि जे असेल ते खरं सांगतो." मनात मात्र भीती होती. खोट निघाली तर बापाला काय सांगायचं? आणि खोट निघाली नाही तर मला ती काढावीशी वाटणार नाही ना?

लढाईचा गणवेश घालून बाजारात फिरायचं नसतं, म्हणून मीच पिंपळगाव रेणुकाईला त्याच्या शेतात गेलो. आरती गणवेश घालून तयार होती.

"काका, तुम्हीच समजवा बाबांना," ती म्हणाली. "माझं काम लपायचं न्हाई. मी चौकीवर गाड्या तपासते."

"गोळीला काय ठाऊक तुझं काम काय हाय ते?" कडुबा म्हणाला.

तिने विहिरीकडे बोट केलं. मग म्हणाली, "बरं. तुम्ही दोघं विहिरीकडं तोंड करून शंभर आकडे मोजा. मंग शोधा. दोन्ही उस्ताद हार मानल्याशिवाय मी हलायची न्हाई."

आम्ही मोजले. वळलो. समोर हरभऱ्याचं रान, वीतभर उंचीचं. पलीकडे बांध, बांधावर वाळलेलं गवत, दोन बोरी, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. लपायला जागा अशी फारशी नाही. उस्तादाने शिकवलं तसं मी डावीकडून उजवीकडे सावकाश बघत गेलो. आणि क्षणात माझी नजर अडकली. बांधावर, गवताच्या वर, दोन काळे डोळे. सारख्या उंचीवर, सारख्या मापाचे.

"सापडली!" मी ओरडलो. आणि ओरडल्यावर लक्षात आलं, म्हणजे माझं म्हणणं खरं निघालं होतं.

कडुबा हसायला लागला. "नीट बघ, मास्तर. ते बुजगावणं हाय."

मी डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिलं. काठीला अडकवलेला शर्ट, उन्हाने विटलेला, फिती-पट्ट्या काढलेल्या. दोन खिशांवर लिंबाएवढे दोन काळे डाग. चाळीस पावलांवरून मी माझा हात ओळखला.

"बाभळीवरून तूच नेलास?"

"मंग? तुला रोज त्याच्या बाजूनं जावं लागायचं. मला बघवत नव्हतं. पेटीत पडून होता, यंदा बाहेर काढला. हरणं इकडं फिरकत न्हाईत बिलकुल."

एवढी वर्षं मी त्याच्यासमोर त्या शर्टाचा विषय काढायला भीत होतो, आणि त्याने तो मला दिसू नये म्हणून उतरवला होता. पण पोरगी अजून सापडायची होती. आम्ही बोरीखाली पाहिलं, पऱ्हाट्यांचा ढीग नजरेने विंचरला, बांधाचं गवत काडी काडी पाहिलं. त्याने आयुष्य लपण्यात घालवलेलं, मी लपवणारे कपडे शिवण्यात. अर्धा तास झाला. कडुबाच्या कपाळाला घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता. शेवटी त्याने मोठ्याने हाक मारली, "आरते, हरलो आम्ही!"

बुजगावण्याच्या पायथ्याचं गवत हललं आणि त्यातून आरती उठली. त्या शर्टाखालीच ती पडलेली होती, पूर्ण वेळ, आमच्या तोंडासमोर.

"मला ठाऊक होतं, बाबा," ती कपडे झटकत म्हणाली, "काकांची नजर तुमच्या शर्टावर जाणार आणि तिथंच थांबणार. मंग खाली कोण बघतंय?"

मी तिच्याजवळ गेलो. ठिपके हातभर अंतरावरून रांगोळीच वाटत होते, पण चाळीस पावलांवर ते माती झाले होते, गवत झाले होते, सावली झाले होते. खिसे पाहिले. डावा आणि उजवा कुठेही एकमेकांसारखे नव्हते. कारखान्यात बसलेल्या कुणा न पाहिलेल्या शिंप्याने ते शिवले होते, आणि त्याला माहीत होतं. तिने आणलेली दुसरी पँट उलटी करून जोड पाहिला. तिथे दुहेरी कापड होतं. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी ते लिहून दिलं असणार, पण मला मात्र पत्राचं उत्तर आल्यासारखं वाटलं.

"खरं सांग," कडुबा म्हणाला.

"माझ्यापेक्षा चांगलं शिवलंय," मी म्हटलं. हे वाक्य तोंडातून काढायला मला नोकरीतल्या कुठल्याही चढणीपेक्षा जास्त दम लागला. "आपण दोघांनी अर्धा तास शोधलं, कडुबा. अजून काय पाहिजे?"

तो बांधावर बसला. टोपी काढून तोंडावर धरली. आरती त्याच्या शेजारी बसून राहिली.

परत निघताना तिने ती दुसरी पँट माझ्याकडे दिली. पाय दोन बोटं लांब होते. मी दुकानापर्यंतही थांबलो नाही. कडुबाच्या ओसरीवर बसून सुईदोरा मागवला, कड आत दुमडली आणि हातानेच टाके घातले. सैन्याच्या नव्या गणवेशात माझे तेवढेच टाके आहेत. बाहेरून ते दिसत नाहीत.